खुब्याचे दुखणे : निदान आधी, तेल नंतर

'कंबर गेली' असे सांगत चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांस 'नेमके कोठे दुखते ते बोटाने दाखवा' असे म्हटले की त्यांचे हात निरनिराळ्या ठिकाणी जातात. कोणी माकडहाडाच्या वर हात ठेवतो, कोणी नितंबाच्या मध्यावर, कोणी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, तर कोणी संकोचाने जांघेकडे बोट करतो. आमच्या मराठवाड्यातील बोलीभाषेत या साऱ्यांना 'कंबर', 'खुबा', 'चक' किंवा 'शीर' यांपैकी कोणतेही नाव मिळते आणि पुष्कळदा आपणही त्याच नावावर विसंबून योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा आणि बाह्य स्नेहन यांची व्यवस्था लिहून देतो. अनेकांस उतार पडतो. ज्यांस पडत नाही, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास वाळूज औद्योगिक वसाहतीत काम करणारा चौतिशीतील एक कामगार उजव्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी आमच्याकडे आला. गुडघ्यास शोथ नव्हता, एक्स-रे निर्दोष होता. संधिगत वात समजून आम्ही जानुबस्ती केली, गुग्गुळ कल्प दिले, रात्री एरंडतेल दिले. काही दिवस बरे, काही दिवस वाईट असे करत अडीच महिने गेले. एके दिवशी पट्टीच्या खोलीबाहेर तो बूट काढताना आम्हांस दिसला. उजवा पाय दुसऱ्या मांडीवर घेणे त्यास जमत नव्हते. तो भिंतीचा आधार घेऊन डाव्या पायाने उजव्या पायातील बूट ओढून काढत होता. ज्याचा फक्त गुडघा दुखतो असा माणूस असे करीत नाही. त्यास उताणे निजवून खुब्याची तपासणी केली. पाय आत वळवताच तो कळवळला. कटिभागाच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या ऊर्वस्थिशीर्षाचा अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस आढळला. उजवीकडे शीर्ष किंचित खचू लागले होते, डावीकडे आरंभ होता. डावीकडे त्यास एका शब्दाचीही तक्रार नव्हती.

खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, हे आम्ही पदवीच्या काळात वाचले होते. खुबा व गुडघा या दोन्ही संधींना समान नाड्यांच्या शाखा जातात. वाचलेले आठवले नाही, एवढेच खरे. हातून गेलेले अडीच महिने अशा व्याधीत फार मोठे असतात.

सुश्रुताचार्यांनी संधींचे प्रकार सांगताना कक्षा, वंक्षण व दशन या ठिकाणचे संधी उलूखल जातीचे म्हटले आहेत. उखळ ही उपमा वंक्षण संधीला अतिशय नेमकी बसते. ऊर्वस्थीचे गोल शीर्ष श्रोणीच्या खोल वाटीत बसलेले असते आणि त्यावर जाड मांसपेशींचे थर असतात. यातून व्यवहारातल्या दोन गोष्टी निघतात. हा संधी हाताला लागत नाही, म्हणून चरकाचार्यांनी संधिगत वातात सांगितलेला वाताने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श येथे शोधून सापडत नाही. दुसरी गोष्ट अशी की या संधीचे दुखणे बहुधा पुढे, जांघेत जाणवते. नितंबात दुखते म्हणून खुबा बिघडला असे समजणे, किंवा जांघेत दुखते म्हणून अंतर्गळ अथवा मूत्रविकार समजणे, या दोन्ही चुका आपल्याकडे नित्य होतात.

तपासणीस पाच मिनिटे लागतात. रुग्णास चालावयास सांगावे. दुखऱ्या पायावर तो कमी वेळ थांबतो काय, ते पाहावे. एका पायावर उभे करावे. उचललेल्या पायाच्या बाजूची श्रोणी खाली झुकत असेल, तर ज्या पायावर तो उभा आहे त्या बाजूच्या नितंबपेशी दुर्बल झाल्या आहेत. मग उताणे निजवून खुबा व गुडघा काटकोनात वाकवावा आणि पाऊल बाहेरच्या दिशेस न्यावे. असे करताना खुबा आत वळतो. वंक्षण संधीच्या बहुतेक व्याधींत हीच हालचाल सर्वांत आधी आखडते. दुसरी बाजू ताडून पाहावी. शेवटी पाय सरळ ठेवून उचलावा. तीस ते सत्तर अंशांत नितंबापासून पोटरीपर्यंत कळ उतरली, तर गृध्रसीकडे वळावे.

प्रश्नांतूनही बरेच कळते. मांडी घालून बसता येते काय? देशी शौचालयात उकिडवे बसता येते काय? मोटारसायकलला किक मारता येते काय? पायमोजा कोण घालून देते? शेतकरी भगिनींस खुरपणीला बसता येते काय, असे विचारावे. 'सहा महिन्यांपासून ओट्यावर बसून भाकरी करते' असे उत्तर आले, तर एक्स-रेपूर्वीच निम्मे निदान झाले.

आता जे खुब्याचे वाटते पण खुब्याचे नसते, त्याविषयी थोडे. गृध्रसीत वेदना स्फिक् प्रदेशापासून सुरू होऊन कटी, ऊरू, जानू, जंघा अशी पायापर्यंत जाते, हा क्रम चरकाचार्यांनीच दिला आहे. कुशीवर निजले की खुब्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखते, अशी तक्रार चाळिशी-साठीतील स्त्रियांत फार आढळते. तेथे संधी निरोगी असतो आणि कंडरांचा दाह असतो. यांच्यावर आम्ही पंचधातू शलाकेने अग्निकर्म करतो आणि आमचा अनुभव समाधानकारक आहे, मात्र मधुमेही रुग्णांत ते टाळतो आणि ग्रीष्म व शरद ऋतूंत सुश्रुताचार्यांच्या आज्ञेनुसार थांबतो. याच व्याधीवर ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात नितंबपेशींचा व्यायाम व बसण्या-उठण्याचे शिक्षण हे स्टिरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले. तो अभ्यास २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून अग्निकर्मानंतर व्यायाम न सांगता रुग्णास घरी पाठवणे हे अर्धेच काम आहे.

आमवाताचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. विशी-तिशीतील तरुण, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा, हालचालीने उतार, विश्रांतीने वाढ, असे चित्र असेल तर पाठीच्या कण्यासह खुबा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस मनात आणावा. येथे साम अवस्थेत तेलाचे अभ्यंग केल्यास दुखणे वाढते, हे प्रत्येक वैद्याने केव्हा ना केव्हा अनुभवले असेल. लंघन, दीपन, वालुका स्वेद, एरंडतेल, सिंहनाद गुग्गुळ हा मार्ग धरावा आणि त्याच वेळी रुग्णास संधिवाततज्ज्ञाकडेही पाठवावे, कारण या व्याधीत एकदा गोठलेला खुबा पुन्हा मोकळा होत नाही. ऊरुस्तंभातही स्नेहन व बस्ती निषिद्ध आहेत. मांडी जड, बधिर, दुसऱ्याची असल्यासारखी वाटते असे रुग्ण म्हणाला की तेलाच्या बाटलीकडे जाणारा हात आवरावा.

काही रुग्णांस आपण औषधच देऊ नये. वृद्ध स्त्री न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून खुबा दुखतो, पण ती चालत आली. अशा वेळी हाडाची दोन्ही टोके एकमेकांत रुतून बसलेला ऊर्वस्थिग्रीवेचा अस्थिभंग असू शकतो. चालता येते म्हणजे हाड मोडले नाही, ही समजूत घातक आहे. ज्वरासह खुबा दुखणारे आणि पाय टेकू न देणारे मूल त्याच दिवशी रुग्णालयात गेले पाहिजे. पू झालेल्या संधीची हानी तासांच्या हिशेबाने होते. चार ते आठ वर्षांचे मूल वेदनेशिवाय किंवा गुडघ्याकडे बोट दाखवत लंगडत असेल, तर पर्थेज व्याधीसाठी एक्स-रे काढावा. किशोरवयीन स्थूल मुलगा लंगडत असेल, तर शीर्ष ग्रीवेवरून सरकले आहे काय ते पाहावे. रात्री वाढणारी वेदना, वजन घटणे, संध्याकाळचा ज्वर असेल तर क्षय व अर्बुद यांचा विचार करावा. नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भाच्या इतर भागांतून आलेल्या तरुणाचा खुबा दुखत असेल, तर सिकलसेलची तपासणी विसरू नये, कारण त्या व्याधीतही शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित होतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. ऊर्वस्थीच्या शीर्षाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या थोड्या व बारीक आहेत. त्यांचा मार्ग रोधला गेला की शीर्षातील अस्थी मृत होते. आरंभी आकार टिकून असतो, पुढे भाराने पृष्ठभागाखाली भंग होतो, मग शीर्ष खचते आणि शेवटी वाटीही खराब होते. अस्थिमज्जागत वाताच्या वर्णनात चरकाचार्यांनी अस्थी व पर्वांत भेदनवत् वेदना, संधिशूल, मांस व बल यांचा क्षय, निद्रानाश आणि न थांबणारी रुजा सांगितली आहे. मांडीचा घेर घटलेला व रात्रभर कूस बदलणारा असा रुग्ण ज्याने पाहिला, त्यास हे वर्णन पटेल. मात्र संप्राप्तीत मार्गावरोध व रक्तदुष्टी यांनाही स्थान दिले पाहिजे, केवळ वातक्षयाने तिचा उलगडा होत नाही, असे आमचे मत आहे. मद्यपान आणि स्टिरॉइड ही या अवरोधाची आपल्याकडची दोन मोठी कारणे होत.

कोविडनंतर हे रुग्ण वाढलेले आपण सर्वांनी पाहिले. मुंबईत माहीम येथील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्यांस खुब्याचे दुखणे सुरू झाले होते. त्यांना मिळालेली एकूण मात्रा प्रेडनिसोलोनच्या मापात सरासरी ७५८ मिलिग्रॅम होती, सर्वांत कमी ४०० आणि सर्वांत जास्त १२५०. त्यापूर्वीच्या वाङ्मयात सुमारे २००० मिलिग्रॅम मात्रा व सहा महिने ते एक वर्ष एवढा काळ सांगितला जात असे. तीन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही, आणि त्या काळी स्टिरॉइडने असंख्य जीव वाचवले हेही विसरता येत नाही. परंतु 'थोडीच तर घेतली होती' या उत्तराने आपण निश्चिंत होऊ नये, इतके त्यातून नक्की कळते.

येथे औषधविक्रेत्या बंधूंशी स्पष्ट बोलावयाचे आहे. कोविडमध्ये रूढ झालेली डेक्सामिथासोनची मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, अधिकांत अधिक दहा दिवस, म्हणजे ६० मिलिग्रॅम होती. प्रेडनिसोलोनच्या मापात हे ४०० मिलिग्रॅम होतात. आता दुसरा हिशेब पाहा. गुडघे दुखतात म्हणून एखादी आजी दुकानातून 'ती पांढरी बारीक गोळी' नेते, ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज. वर्षभरात ३६५ मिलिग्रॅम डेक्सामिथासोन, म्हणजे सुमारे २४०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तिच्या पोटात जाते. हे औषध शेड्यूल एचमधील आहे, चिठ्ठीविना देता येत नाही, हे दुकानावरच्या प्रत्येकास ठाऊक आहे. कोविडच्या काळातील जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून गोळ्या नेणारे रुग्णही आहेत. वर उल्लेखिलेला कामगार त्यांपैकीच एक होता. रुग्णालयातून सुटल्यावर 'अशक्तपणा जातो, भूक लागते' म्हणून त्याने तीच गोळी आणखी सात आठवडे घेतली होती.

याहून लाजिरवाणा प्रकार पुडीतील चूर्णाचा. नाव आयुर्वेदाचे, वेष्टनावर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही आणि तिसऱ्या दिवशी जुनाट सांधेदुखीचा रुग्ण धावू लागतो. आपले कोणतेही काष्ठौषध असे वागत नाही. चेहरा गोल होणे, भूक एकाएकी वाढणे, रक्तशर्करा चढणे, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, ही लक्षणे दिसली की रुग्णास जवळच्या सर्व पुड्या घेऊन बोलवावे. पण संशय आला म्हणून ते औषध एका दिवसात तोडू नये. दीर्घकाळ बाहेरून स्टिरॉइड मिळालेल्या शरीरातील स्वतःची निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक बंद केल्यास रुग्ण कोसळतो. फिजिशियनच्या देखरेखीखाली मात्रा पायरीपायरीने उतरवावी. निदानपरिवर्जन म्हणजे घाईने केलेला त्याग नव्हे.

निदानानंतर अवस्था ठरवावी. आरंभीच्या अवस्थेत साधा एक्स-रे पूर्ण निर्दोष असतो. जांघेत दुखते, पाय आत वळवताना दुखते, स्टिरॉइड किंवा मद्याचा इतिहास आहे आणि एक्स-रे स्वच्छ आहे, अशा रुग्णाचा एमआरआय करावाच, आणि तो दोन्ही बाजूंचा करावा. खर्चाची अडचण असणाऱ्यांस आम्ही घाटी रुग्णालयात पाठवतो. पहिल्या अवस्थेत केवळ एमआरआयमध्ये बदल दिसतो. दुसरीत एक्स-रेत दिसतो, पण पृष्ठभाग अभंग असतो. तिसरीत पृष्ठभागाखाली भंग होतो व शीर्ष खचते, त्यातही खचणे दोन मिलिमीटरपर्यंत आहे की अधिक, असा भेद २०१९ पासून केला जातो. चौथीत संपूर्ण संधी झिजलेला असतो.

शस्त्रक्रियेविना करावयाच्या उपचारांत आम्ही पहिले स्थान भार कमी करण्यास देतो. एका पायावर उभे राहिले की त्या खुब्यावर शरीरभाराच्या अडीच ते तीनपट दाब येतो, कारण श्रोणी सरळ धरून ठेवण्यासाठी नितंबपेशींना जोराने ओढावे लागते. काठी हे काम वाटून घेते, पण ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात असली तरच. उजवा खुबा दुखणारा माणूस काठी उजव्याच हातात धरून येतो आणि आजवर त्यास कोणी टोकलेले नसते. रुग्णाकडून आमच्यासमोर काठीने चार पावले चालवून घेतल्याशिवाय आम्ही चिठ्ठी लिहीत नाही. काठीची उंची मनगटाच्या रेषेइतकी हवी. पाच किलो वजन उतरले तरी खुब्यावरचा दाब त्याच्या अनेकपटीने उतरतो. शौचालयावर खुर्ची, जेवण व पूजा उंच आसनावर, दुचाकीला किकऐवजी बटण, जिने कमी. मद्य व तंबाखू बंद.

विश्रांती आणि व्यायाम यांत गोंधळ होतो. झिजेमुळे आलेल्या वंक्षण संधिगत वातात व्यायाम हाच पाया आहे. कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, उताणे निजून कटी उचलणे, पाण्यात चालणे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही व्यायामासच अग्रस्थान आहे आणि ग्लुकोसामाइन देऊ नये असे म्हटले आहे. आपल्या दुकानांतून मात्र ते आजही खपते. याउलट, आरंभीच्या अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसमध्ये भार न देता निजूनच व्यायाम करावेत, धावणे व उड्या पूर्ण वर्ज्य.

बाह्योपचारांविषयी अपेक्षा माफक ठेवावी. उलूखल संधी खोल असल्याने तेल संधीपर्यंत 'मुरते' असे रुग्णास सांगू नये. अभ्यंग व पत्रपिंड स्वेदाने भोवतालच्या आखडलेल्या पेशी सैल होतात, वेदना घटते, झोप लागते आणि व्यायाम शक्य होतो. एवढे फळ पुरेसे आहे. निर्गुंडी, एरंड यांची पाने आपल्याकडे बांधावर मिळतात. मांसक्षय स्पष्ट असेल तर षष्टिकशाली पिंड स्वेद अधिक उपयुक्त ठरतो.

बस्ती हा मात्र आपला मुख्य आधार आहे. अस्थिप्रदोषज विकारांत चरकाचार्यांनी तिक्तद्रव्यांनी सिद्ध क्षीर व घृताचे बस्ती सांगितले आहेत. आम्ही निंब, गुडूची, वासा, पटोल व कंटकारी यांचा क्षीरपाक वापरतो. द्रव्याच्या आठपट दूध व दुधाच्या चौपट पाणी या नियमाने ४० ग्रॅम भरडीस ३२० मिलिलिटर दूध व १२८० मिलिलिटर पाणी घेऊन दूध शेष राहीपर्यंत मंदाग्नीवर आटवावे. घाईची परिचारिका पाणी कमी घेते, मग द्रव्याचा अंश दुधात पुरेसा उतरत नाही आणि आपण दुधाचाच बस्ती देत राहतो. गाळून कोमट झाल्यावर मध व पंचतिक्त घृत नीट मथून एकजीव करावे. कालबस्तीच्या क्रमाने, म्हणजे सोळा बस्ती, मध्ये अनुवासन, असा एक आवर्त करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. अग्नी मंद असेल, जिभेवर साम लेप असेल, तर आधी पाचन. क्षीरबस्तीने ज्यांस अतिसार होतो त्यांच्यावर आग्रह धरू नये. झिजेच्या व शूलप्रधान अवस्थेत, विशेषतः कटी, ऊरू व त्रिक एकत्र दुखत असतील, तेव्हा एरंडमूलादि निरूह अधिक लवकर गुण देतो.

आभ्यंतर औषधांत पंचतिक्तघृत गुग्गुळ, लाक्षादि गुग्गुळ, रक्तदुष्टीचा अनुबंध असल्यास कैशोर गुग्गुळ, आणि शूलासाठी रास्नासप्तक काढा ही आमची नित्याची निवड आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांस गुग्गुळ देताना त्यांच्या डॉक्टरांस कळवावे. कच्च्या मालाविषयी औषधनिर्मात्यांस एक विनंती. रास्ना या नावाने बाजारात निदान तीन वनस्पती येतात. आयुर्वेदिक फार्माकोपियातील रास्ना ही प्लुचिया लॅन्सिओलाटा आहे, दक्षिणेकडचे कुलिंजन नव्हे आणि झाडावर वाढणारे वांडाही नव्हे. गुळवेलीतही टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच घ्यावी, क्रिस्पा नव्हे, अशी सूचना आयुष मंत्रालयाने दिली आहे. गुग्गुळाचे झाड तर आता संकटग्रस्त वनस्पतींत मोडते, त्यामुळे स्वस्त गुग्गुळ मिळाला की आनंदण्याऐवजी तपासून घ्यावा.

आता या सर्वांतून काय साधते? अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसच्या पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत वेदना घटते, चाल सुधारते आणि काही रुग्णांत शीर्ष वर्षानुवर्षे टिकते. परंतु आपल्याकडील प्रसिद्ध पुरावा बहुतांशी एकेका रुग्णाच्या वृत्तांतांचा आहे, तुलनेसाठी दुसरा गट नसतो. शिवाय शीर्षाचा लहानसाच भाग बाधित असेल, तर तो उपचारांविनाही पुष्कळदा स्थिर राहतो. म्हणून यशाचा दावा करण्यापूर्वी आधीचा व नंतरचा एमआरआय शेजारी ठेवावा. आधुनिक वैद्यकाचीही स्थिती येथे निर्विवाद नाही. हिंदुजा रुग्णालयातून २००५ पासून अलेंड्रोनेटचे चांगले निष्कर्ष येत राहिले, त्याच वर्षी तैवानमधील एका अभ्यासाने त्यास पुष्टी दिली, पण २०१२ मध्ये तैवानमधीलच अनेक केंद्रांच्या अभ्यासात लाभ दिसला नाही. आरंभीच्या अवस्थेतील रुग्णाने ते घेण्याचे ठरवले, तर आम्ही आडकाठी करीत नाही.

शीर्ष खचल्यानंतर मात्र बस्ती, गोळी, लेप यांपैकी कशानेही त्याची गोलाई परत येत नाही. झिजेच्या शेवटच्या टप्प्यातही हेच. डेन्मार्कमधील १०९ रुग्णांचा एक अभ्यास २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. खुब्याची तीव्र झीज असलेल्या पन्नाशीपुढील रुग्णांचे दोन गट करून एकास संधिरोपण व दुसऱ्यास बलवर्धक व्यायाम दिला. सहा महिन्यांनी खुब्याच्या गुणांकात पहिल्या गटात १५.९ ने, तर दुसऱ्यात ४.५ ने सुधारणा झाली. व्यायामाच्या गटातील २१ टक्के रुग्णांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. आम्हांस यातील दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. तीव्र झिजेत रोपण निःसंशय सरस आहे, आणि तरीही बहुसंख्यांनी सहा महिने त्याविना काढले. कोणास थांबता येईल व कोणास नाही, हे ओळखणे हेच वैद्याचे काम. रोपणाचे आयुष्यही आता पुष्कळ वाढले आहे. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या संकलनानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. साठीच्या रुग्णास दहा वर्षे घरात बसवून ठेवणे हा शस्त्रक्रिया टाळल्याचा विजय नव्हे. त्या काळात त्याची मांडी सुकते, दुसरा गुडघा बिघडतो आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर तिचे फळही उणे पडते.

जालना रस्त्याने जाताना 'विना ऑपरेशन हमखास' अशा पाट्या दिसतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचाही समावेश आहे, हे पाटी रंगवणाऱ्यास नसले तरी पाटी लावणाऱ्यास ठाऊक असावयास हवे.

वाळूजच्या त्या कामगाराचा उजवा खुबा पुढे सात महिन्यांत आणखी खचला आणि आम्हीच त्यास अस्थिशल्यतज्ज्ञांकडे नेले. रोपण झाले. डावा खुबा त्या वेळी पहिल्या अवस्थेत होता. तिक्तक्षीर बस्तीचे चार आवर्त, काठी उजव्या हातात, मद्य बंद, आणि कारखान्यात बसून करावयाचे काम, एवढ्यावर तो आजपर्यंत टिकला आहे. एमआरआयमध्ये बाधित भाग वाढलेला नाही, नाहीसाही झालेला नाही. हा भाग मुळातच लहान होता, त्यामुळे श्रेय कोणाचे याविषयी आम्ही काही म्हणू इच्छित नाही. यंदाची तपासणी दिवाळीनंतर करावयाची आहे. गुडघा दुखतो असे सांगत येणाऱ्या प्रत्येकास मात्र आम्ही आता आधी उताणे निजवून खुबा वळवून पाहतो.